संपणाऱ्या वस्तूंचा हिशेब

दहावीच्या विज्ञानाला शंभर गुण असतात आणि त्यांतले वीस प्रात्यक्षिकाचे. हे वीस गुण शाळेच्या हातात असल्यामुळे कोणी अठराच्या खाली जाऊ नये याची काळजी शाळा घेतेच. गुणपत्रिका पाहून त्या मुलाने परीक्षानळी कधी हातात धरली होती की नाही, ते कळत नाही. जर्नल पाहूनही कळत नाही, कारण जर्नले निरीक्षणांच्या तक्त्यासकट एकमेकांवरून उतरवली जातात. शाळेत एकच कागद याबाबतीत सहसा खोटे बोलत नाही, तो म्हणजे प्रयोगशाळेच्या उपभोग्य वस्तूंची नोंदवही. वर्षभरात हायड्रोक्लोरिक आम्ल किती लागले, मॅग्नेशियमची फीत किती उरली, स्पिरिट कितीदा आणले, परीक्षानळ्या किती फुटल्या, हे तिच्यात असते. ज्या शाळेत या वहीची पाने भरतात तिथे प्रयोग होतात. ज्या शाळेत जडसंग्रहाची वही (सगळे तिला डेड स्टॉकच म्हणतात) जाडजूड आणि ही मात्र कोरी, तिथे प्रयोगशाळा आहे एवढेच म्हणता येईल.

प्रस्तुत लेखसंग्रह उपभोग्य वस्तूंच्या या बारीक वहीबद्दल आहे. शालेय विज्ञानशिक्षणावर मराठीत लिहिले गेले आहे, प्रयोगांची पुस्तकेही चांगली आहेत. पण या प्रयोगांचा खर्च कोण करतो, कशासाठी करतो आणि कोणत्या टप्प्यावर हात आखडतो, हा विषय शिक्षकांच्या चहाच्या गप्पांपलीकडे फारसा गेलेला नाही. संग्रहातले लेखक एकमेकांशी अनेक बाबतींत असहमत आहेत. तरी सगळे लेख एकत्र वाचल्यावर मला एक गोष्ट ठळकपणे दिसली. पैसे देणारा सरकार असो, कंपनी असो की गावचा माजी विद्यार्थी, तो उरणाऱ्या वस्तूला पैसे देतो. उरलेली वस्तू मोजता येते, लेखापरीक्षकाला दाखवता येते, तिच्यावर देणाऱ्याचे नाव रंगवता येते. प्रयोग मात्र संपणाऱ्या गोष्टींवर चालतो. रसायन संपते, काच फुटते, सेल उतरतो, शिक्षकाचा वेळ जातो.

हा पेच आपल्याकडचाच आहे असे मात्र नाही. विद्यार्थ्याने स्वतः बाकाशी उभे राहून काम करायचे, ही कल्पना शाळेत आली ती विद्यापीठातून. जर्मनीतल्या गीसेन इथे युस्टुस लीबिगने 1824 मध्ये एका रिकाम्या लष्करी चौकीत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, आणि तिथे शिकून गेलेल्यांनी ती पद्धत युरोपभर नेली. इंग्लंडमध्ये शाळांपर्यंत ती पोहोचली त्यामागची गोष्ट गमतीची आहे. 1890 मध्ये तिथल्या सरकारने दारूवरचा कर वाढवला. त्या पैशातून काही गुत्त्यांचे परवाने रद्द करून मालकांना भरपाई द्यायचा बेत होता. दारूच्या विरोधातल्या मंडळींनाच ही भरपाई नको होती. त्यांनी इतका गदारोळ केला की बेत बारगळला आणि गोळा होणारा पैसा बिनकामाचा राहिला. मग तो काउंटी कौन्सिलांनी तंत्रशिक्षणावर खर्चावा असे ठरले. ‘व्हिस्की मनी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या पैशातून कितीतरी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. राज्य उत्पादन शुल्काच्या जमेकडे डोळे लावून बसणाऱ्या महाराष्ट्राला यात अपरिचित असे काही वाटू नये.

त्याच काळात हेन्री आर्मस्ट्राँग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ‘ह्युरिस्टिक’ पद्धतीचा धडाक्याने पुरस्कार केला. मुलाला काही सांगायचे नाही, त्याने स्वतः शोधायचे. विचार आकर्षक होता आणि महागही. प्रत्येक मुलाला तराजू हवा, गॅसची तोटी हवी, आणि एका शिक्षकाकडे मुले थोडी हवीत. 1918 मध्ये जे. जे. थॉमसन यांच्या समितीने इंग्लंडमधल्या विज्ञानशिक्षणाचा आढावा घेतला, तेव्हा प्रयोगशाळेत जाणाऱ्या वेळाच्या मानाने हाती फार काही लागत नाही, अशी तक्रार नोंदवली गेली. प्रयोगांविरुद्धचा हा आक्षेप तेव्हापासून वरचेवर डोके वर काढतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. पाककृती वाचून करावा तसा केलेला प्रयोग मुलाला फारसे शिकवत नाही, हे रोझॅलिंड ड्रायव्हर यांच्यासारख्या अभ्यासकांनी पुढे पुष्कळ विस्ताराने मांडले. मुलाच्या डोक्यात आधीपासून काही समजुती असतात, आणि प्रयोगात त्याला दिसते ते त्या समजुतींतूनच. उत्तर आधीच ठाऊक असलेल्या प्रयोगावर पैसा घालायचा तर तो का, हा प्रश्न म्हणून रास्त आहे.

अमेरिकेतला धडा वेगळा. हार्वर्डने 1886 च्या सुमारास प्रवेशासाठी भौतिकशास्त्राच्या चाळीसेक प्रयोगांची यादी काढली आणि ते शाळेतच करून यायला सांगितले. माध्यमिक शाळांनी भराभर उपकरणे घेतली. विद्यापीठाने शाळांना एक डॉलरही दिला नव्हता. परीक्षा जे मागते त्यासाठी पैसा उभा राहतो, ही गोष्ट त्या यादीने दाखवून दिली. आपले वीस गुण ज्या पद्धतीने दिले जातात, तिचा परिणाम उलट दिशेने होतो. पुढे 1957 मध्ये स्पुटनिक आकाशात गेला आणि वर्षभरात अमेरिकेने संरक्षणाच्या नावाखाली शिक्षणाचा कायदा केला. त्यात शाळांच्या प्रयोगसाहित्यासाठी केंद्राचा पैसा होता आणि राज्यांनी तितकीच भर घालायची अट होती. ब्रिटनमध्ये त्याआधी दोन वर्षे, 1955 मध्ये, मोठ्या कंपन्यांनी मिळून ‘इंडस्ट्रियल फंड’ काढला होता. सुमारे तीस लाख पौंडांतून शाळांना विज्ञानाच्या उत्तम इमारती मिळाल्या. पण त्या मिळाल्या मुख्यतः खाजगी आणि तशाच स्वायत्त शाळांना, म्हणजे कंपन्यांचे संचालक जिथे शिकले होते त्या. सर्वसाधारण सरकारी शाळा बाहेर राहिल्या. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या पैशावर आज बोलताना हा जुना फंड आठवलेला बरा.

याच्या अगदी उलट टोकाला एक छोटी पुस्तिका आहे. दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या देशांतल्या शिक्षकांसाठी युनेस्कोने ती 1948 मध्ये जे. पी. स्टीफन्सन यांच्याकडून लिहून घेतली. डबे, बाटल्या, तारा यांतून उपकरणे कशी करावीत हे तिच्यात होते. तिचेच पुढे 1956 मध्ये मोठे ‘सोर्सबुक’ झाले आणि ते जगभर पोहोचले. स्वस्त साहित्यातून विज्ञान ही जी धारा आज आपण भारतीय समजतो, तिचा एक उगम युद्धोत्तर युरोपच्या टंचाईत आहे.

स्वतंत्र भारतात हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी आले. 1961 मध्ये एनसीईआरटी स्थापन झाली, तिच्या कार्यशाळेत विज्ञानपेट्या तयार होऊ लागल्या. कोठारी आयोगाने (1964-66) विज्ञानाला शालेय शिक्षणाच्या मध्यभागी आणले आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणाला द्यावेत असे म्हटले; ते सहा टक्के आपण अजून शोधतो आहोत. 1987 मध्ये ‘खडू-फळा मोहीम’ आली, आणि दोन खोल्या, दोन शिक्षक यांच्याबरोबर प्राथमिक शाळेत विज्ञानपेटीही पोहोचली. पोहोचली आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात गेली. या पेट्यांवरून शिक्षकांची पुष्कळ टिंगल झाली आहे. माझ्या मते ती अन्यायाची होती. जडसंग्रहात नोंदलेली वस्तू फुटली तर तिचे निर्लेखन करून घ्यावे लागते, त्यासाठी प्रस्ताव, समिती, मंजुरी असे सगळे आले. नाहीतर वसुली पगारातून. भिंग मुलांच्या हातात देण्याचे कौतुक कोणी करणार नव्हते, फुटलेल्या भिंगाचा जाब मात्र नक्की विचारला जाणार होता. अशा वेळी कुलूप लावणारा शिक्षक व्यवहारी म्हटला पाहिजे.

या कुलपाला खरे उत्तर शोधले गेले ते मध्य प्रदेशात. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांमध्ये सहावी ते आठवीचे विज्ञान पूर्णपणे प्रयोगांतून शिकवायला घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि नंतर दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्ट्यांमध्ये तिथे जाऊन शिक्षकांबरोबर जमिनीवर बसत. 1978 मध्ये कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात गेला, 1982 मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ संस्था झाली, आणि पुढे सुमारे हजार शाळांपर्यंत तो पसरला. ‘होविशिका’ या लघुनावाने ओळखल्या जाणाऱ्या या कार्यक्रमाच्या अध्यापनपद्धतीवर भरपूर लिहिले गेले आहे. त्याच्या हिशेबाकडे मात्र कोणी पाहत नाही, आणि मला तोच भाग सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. पेटी एकदा देऊन थांबायचे नाही, संपलेले आणि फुटलेले दरवर्षी भरून द्यायचे, हे तिथे योजनेतच होते. शिक्षक महिन्यातून एकदा संगम केंद्रावर भेटत, अडलेल्या प्रयोगांवर बोलत, आणि त्या दिवसाचा प्रवासखर्च व भत्ता सरकारी खात्यातून निघे. परीक्षेत पुस्तक उघडून लिहायला मुभा होती आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा लागे. वस्तू, वेळ आणि परीक्षा या तिन्ही ठिकाणी पैसा आणि नियम एका दिशेने वाहत होते. 2002 मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने बंद होते, हे तिच्या सरकारी आधाराचे सामर्थ्यही होते आणि दुबळेपणाही. सरकारच्या पैशावाचून ती हजार शाळांत कधीच गेली नसती.

महाराष्ट्रातही अशा वाटा बऱ्याच आहेत. मुंबईत 1974 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मंडळींनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात आणि मुंबई महापालिकेच्या शाळांत काम केले. मुले विज्ञानात मागे का पडतात याचे उत्तर त्यांना प्रयोगसाहित्याच्या बरोबरीने पाठ्यपुस्तकाच्या भाषेतही सापडले. टेल्को कंपनीतले तरुण अभियंते अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेले, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या घेऊन परत आले, आणि पुढची चाळीस वर्षे आपल्याला टाकाऊ वस्तूंकडे बघायला शिकवत राहिले. पुण्यात आयुकाच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका त्यांच्यामुळे गजबजली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’, कारण ती पुलंच्या स्मरणार्थ सुनीताबाईंनी दिलेल्या देणगीतून उभी आहे. मराठी माणूस नाट्यगृहाला देणगी देतो, प्रयोगशाळेला देत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावे.

पाबळची वाट या सर्वांहून निराळी. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वीज, शेती, पशुपालन, आरोग्य असे खरे काम करायचे. मुले गावासाठी काम करणार आणि गाव त्याचे पैसे देणार. म्हणजे प्रयोगशाळेने आपला काही खर्च स्वतः कमवायचा. राज्य शिक्षण मंडळाने हा विषय मान्य केला आणि तो राज्यातल्या अनेक शाळांत गेला. ज्या गावात शिक्षक कुशल आणि सरपंच समजूतदार तिथे तो फुलला. इतर ठिकाणी कामाची मागणी आणि परीक्षेचे वेळापत्रक यांची गाठ पडली नाही. मला स्वतःला हा विचार फार पटतो, पण सगळ्या विज्ञानाला तो लागू पडेल असे वाटत नाही. लोखंडी फाटक विकता येते. पानातल्या पर्णरंध्रांचे निरीक्षण कोण विकत घेणार?

चौथी वाट फिरत्या प्रयोगशाळेची. 1999 मध्ये सुरू झालेल्या अगस्त्य प्रतिष्ठानने आंध्र प्रदेशातल्या कुप्पमहून गाड्या आणि मोटारसायकली खेड्यांत पाठवायला सुरुवात केली, आणि आता कितीतरी देणगीदारांना हेच प्रारूप आवडते. एका गाडीवर शंभर शाळांचा हिशेब दाखवता येतो. मुलांचे डोळे चमकतात ते खरे असते. पण गाडी परत यायला दोन-चार महिने लागतात, आणि तोवर शिक्षक प्रेक्षकच राहतो.

स्वस्त साहित्याच्या चळवळीबद्दल एक बोचरे मत इथे मांडून ठेवतो. संग्रहातले दोन लेखक त्याच्याशी सहमत होणार नाहीत. या चळवळीने शिक्षकाच्या मनातली उपकरणांची भीती घालवली, हे ऋण मोठे आहे. पण शिक्षण खात्याला तिच्यातून एक सोयीची सबबही मिळाली. काडीपेटीतून विज्ञान होते, मग प्रयोगशाळेला पैसे कशाला? फुग्याच्या रॉकेटने न्यूटनचा तिसरा नियम समजतो. टायट्रेशन समजायला ब्युरेटच लागते आणि ब्युरेटमध्ये ओतायला मोजून तयार केलेले द्रावण लागते. चळवळीतल्या कोणीही याच्या विरुद्ध कधी म्हटलेले नाही. त्यांचे म्हणणे अर्धेच उचलले गेले, एवढेच.

आज हा विषय निकडीचा का, ते आकड्यांत पाहू. 2018 पासून समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना संयुक्त अनुदान मिळते. अडीचशेपेक्षा जास्त आणि हजारपर्यंत पट असलेल्या शाळेला ते वर्षाला 75,000 रुपये आहे. चारशे मुलांच्या शाळेत ते माणशी 187 रुपये पडते, आणि त्यात वीजबिल, दुरुस्त्या, खडू सगळे आले. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे आहेत. यातून लिटमस कागदाला काय उरणार? शिवाय महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुसंख्येने खाजगी अनुदानित आहेत. त्यांना हे अनुदान नाही. त्यांची मदार वेतनेतर अनुदानावर, आणि ते किती व केव्हा येते हे कोणत्याही संस्थाचालकाला विचारावे. उत्तर लांबलचक मिळेल. पैसा आला तरी मार्चअखेर येतो, दरपत्रके मागवून, उपयोगिता प्रमाणपत्र देऊन तो संपवायचा असतो, आणि तोवर वर्षाचे प्रयोग संपलेले असतात. माणसांचे तर विचारूच नये. 2020 मध्ये अनुदानित शाळांतल्या चतुर्थश्रेणी पदांऐवजी ठोक भत्ता द्यायचा शासननिर्णय झाला. परीक्षानळ्या धुणारा आणि गॅसची टाकी बदलणारा माणूस हिशेबात असा भत्ता बनून उरला. साठ मुलांच्या वर्गाचे तीन गट पाडून, काच धुऊन, मांडून, पुन्हा धुणारा एकटा शिक्षक किती आठवडे टिकेल?

दुसऱ्या बाजूला पैसा नाही असेही नाही. 2016 पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आल्या. निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपये, त्यांतले दहा उभारणीला आणि दहा पाच वर्षांच्या चालवण्याला. अशा सुमारे दहा हजार झाल्या. 2025 च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. चालवण्यासाठी वेगळी रक्कम धरली ही या योजनेची मोठी सुधारणा आहे, आणि ती तिच्या टीकाकारांनीही मान्य करावी. सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न राहतो. त्रिमितीय प्रिंटर आणि सेन्सर यांच्या खोलीशेजारी रसायनशास्त्राच्या खोलीत आम्लाची बाटली नाही, असे दृश्य अशक्य नाही. कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. हा पैसा मुंबई-पुण्याच्या आसपास आणि एक वर्षाच्या प्रकल्पांत रेंगाळतो. त्यातून खोल्या रंगतात, कोनशिला बसतात. कंपनीच्या मंडळींशी बोलल्यावर लक्षात येते की यात त्यांचा हेतू वाईट नसतो. दरवर्षी आम्ल आणि काच पुरवण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडे कोणी घेऊनच जात नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवातून शिकण्याचा आग्रह आहे आणि शाळासंकुलांनी साधने वाटून घ्यावीत असेही सुचवले आहे. त्याच वेळी पडद्यावरचे आभासी प्रयोग फुकट मिळू लागले आहेत. ते चांगले आहेत. धोक्याचे प्रयोग दाखवायला तर उत्तमच. पण पडद्यावर काच फुटत नाही, वाचन चुकत नाही आणि दोन मुलींची उत्तरे वेगळी येत नाहीत. वेगळी आलेली उत्तरे घेऊन त्या भांडतात, तेव्हा विज्ञानाचा तास सुरू होतो.

या पार्श्वभूमीवर संग्रहाने काय करायचे ठरवले ते सांगतो. इथे शिक्षक आहेत, प्रयोगशाळा सहायक आहेत, संस्थाचालक, शिक्षणाधिकारी म्हणून निवृत्त झालेले आणि कंपन्यांचा निधी हाताळणारे आहेत. प्रत्येकाला आम्ही एकच विनंती केली होती: आदर्श काय ते सांगू नका, एका वर्षाचा खर्च सांगा. काहींनी ती पाळली, काहींना आदर्श सांगितल्यावाचून राहवले नाही. दोन लेख लोकवर्गणीवर आहेत आणि एक फी-वाढीचे उघड समर्थन करतो. तो मला पटलेला नाही, पण छापला आहे. महागड्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांवर वेगळा लेख नाही. त्यांच्यापुढे प्रश्न पैशाचा नसून वेळापत्रकाचा आहे, आणि शिकवणी वर्गांनी ते कसे खाल्ले हा दुसऱ्या पुस्तकाचा विषय होईल. गोव्यातला आणि सीमाभागातला अनुभव यायला हवा होता, तो आलेला नाही.

शेवटी एक कोष्टक जोडले आहे. आठवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांतल्या प्रयोगांना साठ मुलांच्या एका तुकडीमागे काय आणि किती लागेल, किती फुटेल असे धरावे, धुण्यामांडण्याला किती तास धरावेत, हे त्यात आहे. फुटण्याचा रकाना घालावा की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. शासनाच्या कोणत्याच नमुन्यात तो नसतो. तो ठेवला आहे. किमतीचा रकाना मुद्दाम कोरा आहे, कारण आम्लाची बाटली सोलापुरात आणि सावंतवाडीत एका भावाने मिळत नाही. तो शिक्षकांनी आपापल्या दुकानदाराला विचारून पेन्सिलीने भरावा आणि जूनच्या आधी शाळा समितीपुढे ठेवावा.